काकांच्या टीव्हीवर मॅच दिसायला लागली तेव्हा

रविवारी दुपारी बंगळूरच्या राजाजीनगरात बाबांकडे गेलो होतो. मॅच चालू, बाबा त्यांच्या खुर्चीत, फोन हातापाशी... आणि घरात चिडीचूप. आमच्याकडे मॅच चालू असताना एवढी शांतता म्हणजे कोणीतरी आजारी असणार, असंच वाटलं मला.

सांगतो. बाबा आणि मिरजेचे वसंतकाका सख्खे भाऊ. बाबा सरकारी कारखान्यातल्या नोकरीसाठी बंगळूरला आले आणि इथलेच झाले. एरवी दोघांना एकमेकांशी बोलायला काही सुचत नाही... तब्येत, पाऊस, की संपलं. पण मॅच लागली की बाबा काकांना फोन लावणार आणि शेवटच्या ओव्हरपर्यंत तो चालूच राहणार.

"गेला, गेला! बघितलास का वसंता?" "बघितला रे अण्णा!" "कसला बघितलास, झोपला होतास तू!" शेजारच्या अक्कांना मराठी ओ की ठो कळत नाही, पण बाबांच्या आवाजावरून त्या बरोबर ओळखायच्या, कोण जिंकतंय ते. आई गेली त्या वर्षी तर बाबा दिवसभरात बोलायचे ते तेवढंच.

मग ते प्रक्षेपणाच्या हक्कांचं लफडं सुरू झालं. ही सीरिज या ॲपवर, ती त्या ॲपवर, वर्ल्ड कप तिसरीकडेच आणि केबलवर ठणठणाट! मी बाबांना सगळी ॲप लावून दिली. काकांचं काय, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही... कारण फोन तर चालूच होते ना.

गेल्या लग्नसराईत मिरजेला गेलो, तेव्हा न कळवताच काकांकडे टपकलो. काका फोनवर रंगात आले होते, "बघितला रे अण्णा, काय कॅच घेतला!" आणि समोर त्यांच्या जुन्या टीव्हीवर रेसिपीचा कार्यक्रम, आवाज बंद. एक बाई वांगी चिरत होती.

मला बघून काका चपापले. फोन झाल्यावर म्हणाले, "दोन वर्षं झाली, इथं मॅच लागत नाही. अण्णाला बोलू नकोस हं."

"अहो काका, मला सांगायचं ना!"

"कशाला? तो सांगतो ना सगळं. मला दिसत नाही हे त्याला कळलं तर उद्याच्या उद्या टीव्ही पाठवेल. मग सांगायला काय उरलं त्याच्याकडे?"

मी हसण्यावारी नेलं. इथे आयटीत वीस वर्षं काढली की एक रोग जडतो, प्रॉब्लेम दिसला की हात शिवशिवायला लागतात. दोन दिवसांत नवा टीव्ही, वायफाय, माझंच लॉगिन! काका नको नको म्हणत होते, तो मला संकोच वाटला. बाबांना एवढंच सांगितलं की काकांचा जुना टीव्ही बिघडला होता. किती खूश होतो मी स्वतःवर...

पुढच्याच मॅचला बाबा ओरडले, "गेला!" तर तिकडून काका म्हणाले, "अरे थांब अण्णा, माझ्याकडे अजून बोलर धावतोय. सांगू नकोस." मिरजेला ॲप अर्धा-पाऊण मिनिट मागे चालतं. काकांना विकेट दिसेपर्यंत इकडे बाबांचा सगळा उत्साह निवून गेलेला.

दोन-तीन मॅच अशाच गेल्या. मग बाबा म्हणाले, "त्याचं त्याला दिसतंय की. कशाला उगाच डिस्टर्ब करायचं?" आधी मॅच संपल्यावर एक फोन व्हायचा, हळूहळू तोही बंद झाला.

रविवारी मी गॅलरीत जाऊन काकांना फोन लावला. "नीट दिसतंय ना काका?"

"एकदम क्लिअर! घामसुद्धा दिसतो." मग म्हणाले, "अण्णा बरा आहे ना रे? बऱ्याच दिवसांत फोन नाही."

"तुम्हीच लावा की."

"नको, मॅच बघत असेल तो... मीच म्हटलं ना त्याला, सांगू नकोस म्हणून. चुकलंच माझं."

त्यांचं काय चुकलं होतं? चुकलं होतं माझं. त्यांनी मला आधीच सांगितलं होतं, अगदी स्पष्ट शब्दांत.

आत आलो तर बाबा स्क्रीनकडेच बघत म्हणाले, "वसंता होता?" मी हो म्हटलं. "काय म्हणतोय?" मी म्हटलं, "तुमची चौकशी करत होते. लावा ना बाबा फोन."

"स्वल्प थांब रे," बाबा नेहमीसारखं कानडी मिसळून म्हणाले, "ही ओव्हर होऊ दे." ती ओव्हर झाली, नंतरच्याही झाल्या. मध्येच एक विकेट पडली आणि बाबांचा हात फोनकडे गेला... मग त्यांनी बाजूचा रिमोट उचलला आणि आवाज थोडा वाढवला.

काकांच्या टीव्हीवरचं माझं लॉगिन काढून टाकावं म्हणून मी दोनदा फोन हातात घेतला. नाही जमलं. आपणच दिलेलं काढून कसं घ्यायचं त्यांच्याकडून?

आता म्हणे पुढच्या सीझनला हक्क आणखी तिसऱ्याकडेच जाणार. ऑफिसच्या ग्रुपवर सगळे शिव्या घालताहेत, किती ॲप घ्यायची माणसाने! मला मात्र मनापासून बरं वाटलं. ते नवं ॲप मी फक्त बाबांसाठी घेणार आहे. काकांना थाप मारीन, मिरजेला चालत नाही हो ते. आणि बाबांना म्हणेन, वसंतकाकांना काही दिसत नाहीये... तुम्हीच सांगा त्यांना.

सीझनला अजून बरेच महिने आहेत. बाबा सत्त्याहत्तरचे, काका त्र्याहत्तरचे. तोवर दोघंही असू देत, एवढंच मागणं आहे.