रुखवताच्या कुरडया

एप्रिल १९९६, शनिवार. आजचं काम: शेजारणीच्या कुरडया.

सुरतेत, उधन्याच्या चाळीत ती माझ्या भिंतीपलीकडे राहायची. मूळची धुळ्याकडची, नवरा लूमवर. मुलीचं लग्न आठवड्यावर आलं होतं. गहू भिजवून, वाटून, चीक काढून दोन पातेल्यांत बसायला ठेवला आणि त्याच संध्याकाळी, शुक्रवारी, ती नळावर घसरली. मनगट मोडलं. रुखवतात घरच्या कुरडया नसतील तर मुलीला सासरी पहिल्याच दिवशी बोलणी खावी लागतील, एवढीच तिला काळजी. नवीन गहू भिजवायला वेळ नव्हता, आणि सुरतच्या उन्हाळ्यात काढलेला चीक फार टिकत नाही.

चर्चमधल्या आम्हा चार-पाच घरांचा एक गट होता. बुधवारी कुणाच्या तरी घरी बायबलवाचन आणि शनिवारी कुणा शेजाऱ्याचं अडलेलं काम. कधी पाण्याची टाकी घासायची, कधी बाळंतिणीला डबा पोचवायचा. मी गटाला सांगून टाकलं, उद्याच्या शनिवारी कुरडया.

शेजारणीची जाऊ भेटायला आली होती. ती म्हणाली, "ख्रिस्ती बायांच्या हातच्या कुरडया रुखवतात मांडशील?"

"मग तू ये ना चीक हाटायला."

"माझी कंबर धरलीय."

"मग कंबर धरून बस घरी," शेजारीण म्हणाली आणि मला गच्चीची किल्ली दिली.

सकाळी आम्ही चौघी बायका वर गेलो. सोबत गटातले वडीलधारे काका, कावळे हाकलायला. स्टोव्हवर आधण ठेवलं, एक पातेलं चीक त्यात ओतला, दोघींनी मिळून हाटला. काचेसारखा चकचकीत शिजला. आता गरम गरम सोऱ्यात भरायचा आणि धोतरावर कुरडया पाडायच्या. तेवढ्यात काका म्हणाले, "प्रार्थना करून सुरुवात करू या."

आमची रीतच तशी. प्रार्थनेशिवाय कामाला हात लावायचा नाही. सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले. काकांनी आधी मुलीसाठी मागणं केलं, मग जावयासाठी, मग मोडलेल्या मनगटासाठी. तिथून ते आजारी लोकांकडे वळले, आणि कापड बाजारातल्या मंदीपर्यंत पोचले. मी एक डोळा उघडून पाहिलं. शेजारीण पातेल्याजवळ उभी होती. करपू नये म्हणून तिने डाव्या हाताने स्टोव्ह बंद केला होता. चिकावर साय धरत चालली होती आणि ती नुसती बघत होती.

आमेन झालं. सोऱ्या भरला, दाबला. कुरडई कसली, तुकडे पडले. पुन्हा तापवला तर गुठळ्या झाल्या.

"बोलायचं नाही का गं?" मी तिला म्हणाले.

"तुम्ही देवाशी बोलत होतात ताई. मध्ये कशी बोलू?" मग ती खाली बसली. "चीक थंडा व्हई गया, माय."

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मला थोडक्यात जमत नाही," ते म्हणाले.

"आता वेळ दवडू नका, वाट्या आणा," मी म्हणाले. गुठळ्यांचा चीक तेल-तिखट घालून चाळीतल्या सगळ्या पोरांनी चाटूनपुसून खाल्ला. जाऊबाईंनीही दोनदा घेतला, कंबर धरूनच. दुसरं पातेलं शिल्लक होतं, पण ऊन चढलं होतं; तेव्हा कुरडया घातल्या असत्या तर संध्याकाळपर्यंत वाळल्या नसत्या. वरचं पाणी बदलून पातेलं माझ्या मोरीत गार फरशीवर ठेवलं. ते आंबलं तर संपलंच, हे तिलाही माहीत होतं. जाताना तिने दोनदा झाकण उचलून वास घेतला.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी उजाडायच्या आत उठले, चिकाचा वास घेतला. ठीक होता. शेजारणीला आणि तिच्या मुलीला उठवलं. आम्ही दोघींनी चीक हाटला, शेजारीण डाव्या हाताने मीठ-हिंग घालत राहिली, आणि ऊन येईपर्यंत धोतर कुरडयांनी भरलं. मग साडी बदलून मी चर्चला गेले.