मुद्देमाल मिळून आला नाही

ते प्रकरण अजून माझा पिच्छा सोडत नाही. चौतीस वर्षं पोलीस खात्यात काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, पण आज पहाटे डोळा उघडला की आठवतं ते एका हरवलेल्या पाकिटाचं प्रकरण. त्याची नोंद कुठल्याच ठाण्यात नाही. फिर्याद नाही, स्टेशन डायरीत ओळ नाही. तरी तपास झाला, आरोपी मिळाला, कबुलीही मिळाली. तो तपास मी केला, आणि तो मी निवृत्त झाल्यानंतर, आयर्लंडमध्ये केला.

दोन हजार सोळा सालचा उन्हाळा. मी आणि माझी पत्नी लेकीकडे डब्लिनला गेलो होतो. लेक-जावई दोघं सॉफ्टवेअरमधले, सँडीफोर्डला फ्लॅट. सकाळी दोघं लुआसने, म्हणजे तिकडच्या ट्रामने, कामाला गेले की मी खिडकीत बसून रस्त्यावरची वर्दळ बघायचो. निवृत्त पोलिसाला दुसरं काम काय?

त्या उन्हाळ्यात डब्लिनच्या मोठ्या स्टेडियमवर अमेरिकन फुटबॉलचा मोठा चषक सामना भरायचा होता. खेळ अमेरिकेचा, संघ अमेरिकेचे, मैदान मात्र आयर्लंडचं. हिरवळीवर नवे पट्टे आखले, गोलचे खांब बदलले, हॉटेलं भरली. जावयाने मला दोनदा समजावलं की चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. मला एवढंच कळलं की एका माणसावर आठ माणसं पडतात आणि पंच शिट्टी वाजवतो. आमच्याकडे याला दंगल म्हणतात, असं मी म्हटल्यावर तो खूप हसला.

सामन्याआधी मैदानावर निरनिराळ्या देशांच्या लोकांचं संचलन होणार होतं, आणि त्यात आमच्या मराठी मंडळींच्या ढोल-ताशा पथकाला जागा मिळाली होती. वीस जण. त्या पोरांचा आनंद काय सांगू! एरवी गणपतीत कुठल्या तरी शाळेच्या हॉलमध्ये, शेजाऱ्यांची तक्रार येईल म्हणून दबकत वाजवायचं. इथे भरलेलं स्टेडियम आणि टीव्हीचे कॅमेरे. आत जायला प्रत्येकाचा फोटो असलेला पास होता, आणि सुरक्षेचे नियम फार कडक होते.

ते वीस पास स्टेडियमच्या ऑफिसातून आणायचं काम एका मुलीकडे होतं. नागपूरची, शिक्षण नुकतंच संपलेलं, पथकात झांज वाजवायची. रविवारी दुपारी सगळं पथक लेकीच्या फ्लॅटवर जमलं होतं. ती जाडजूड पिवळं पाकीट घेऊन आली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मंडळी खालच्या मोकळ्या जागेत सरावाला गेली, वर येऊन पावभाजी खाल्ली आणि आपापल्या घरी पांगली. पाकीट दुसऱ्या कोणीतरी नेलं, असं प्रत्येकाला वाटलं. ते कोणाकडेच नाही हे सोमवारी संध्याकाळी उघड झालं.

पथकाचा प्रमुख धावत माझ्याकडे आला. चांगला हुशार इंजिनिअर, पण चेहरा पांढरा पडला होता.

"काका, स्टेडियमच्या ऑफिसातला तो युअर मॅन म्हणालाय, पास हरवले तर कसे हरवले ते लेखी द्यावं लागेल. नाहीतर अख्खं पथक बाद. आणि गार्डांना कळवतील ते वेगळंच." 'युअर मॅन' म्हणजे तिकडच्या बोलीत 'तो माणूस', आणि गार्डा म्हणजे तिकडचे पोलीस.

"मग कळवू दे की. चोरी असेल तर पोलिसांतच द्यायला हवी."

"नको काका, प्लीज. आपलं नाव खराब होईल. तुम्ही एवढे मोठे अधिकारी होतात. घरातल्या घरात बघा ना."

मी हो म्हणालो. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांत मला कोणी 'बघा ना' म्हटलं नव्हतं.

पद्धतशीर झडती घेतली. सोफा, गाद्या, कचऱ्याचे डबे, जावयाची गाडी, स्वयंपाकघरातली सगळी प्रेसं. कपाटाला तिकडे प्रेस म्हणतात. त्यातल्याच एका प्रेसमध्ये लेकीचे देव होते, कारण बाहेर उदबत्ती लावली की धुराचा भोंगा बोंबलायचा. तिथलं दार मी उघडलं, देवांना नमस्कार केला आणि बंद केलं. कचऱ्याचे डबे उपसून आलेला माणूस मी, अंघोळीशिवाय देवांना हात कसा लावणार? ते झडतीचं ठिकाण आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

माझी पत्नी त्या वेळी घरात नव्हती. दूर दक्षिणेला, कॉर्कजवळ रिंगास्किडीला औषधांच्या कारखान्यात माझा पुतण्या आहे, त्याची बायको नुकतीच बाळंत झाली होती, म्हणून सोमवारी पहाटेच ती पंधरा दिवसांसाठी तिकडे गेली. रोज फोन व्हायचा. पण तपासातली गोष्ट घरात बोलायची नाही, हा माझा नोकरीतला नियम होता. लेकीलाही बजावलं, आईला काही सांगू नकोस, बाळंतिणीच्या घरात उगाच घोर नको. चौतीस वर्षांत एकाही तपासात मी बायकोला काही विचारलं नव्हतं. तेव्हा कशाला विचारू?

मंगळवारी खबर आली. पथकातल्या एका ताशेवाल्याने मला बाजूला घेतलं. "काका, नाव घेऊ नका माझं. पण पास आणले ना तिने, तीच त्यांचे फोटो काढत होती. तिचा एक ब्राझीलचा क्लासमेट आहे, त्याला मॅच बघायची होती, तिकीट मिळालं नाही त्याला. मी फक्त सांगतोय."

खबर देणाऱ्याचा हेतू आधी तपासावा, हे मी नव्या फौजदारांना वर्षानुवर्षं शिकवलं. हा ताशेवाला त्या मुलीला लग्नाचं विचारून नकार घेऊन आला होता, हे मला पुढे कळलं. चौकशी केली असती तर त्याच दिवशी कळलं असतं.

बुधवारी मी तिला डून लेरीला बोलावलं. समुद्राकाठचं गाव, लांबलचक धक्का, त्यावर बाकं. मुद्दाम मोकळी जागा निवडली. चौकशी म्हणजे आरडाओरडा नाही, हे माझं मत होतं आणि त्याचा मला अभिमान होता. मी कधी कोणाला हात लावला नाही. थर्मासमधून चहा दिला, घरचं विचारलं. वडील शाळेत शिक्षक, आई शिवणकाम करणारी, धाकटी बहीण बारावीला. मग पाकिटाचं विचारलं. मग पुन्हा घरचं, पुन्हा पाकिटाचं. तिसऱ्या वेळी ती चुकली. आधी म्हणाली टेबलावर ठेवलं, आता म्हणाली खुर्चीवर असेल.

"असेल म्हणजे? तुला नक्की आठवत नाही?"

"आठवते ना काका. टेबलावरच. तुम्ही इतक्यांदा विचारता ना, तर मलाच आता नक्की वाटत नाही."

खरं बोलणारा माणूसही तिसऱ्यांदा विचारल्यावर अडखळतो. हे मला ठाऊक होतं, पण त्या दिवशी ते मला सोयीचं नव्हतं.

"हे बघ बाळ," मी म्हणालो, "इथे तू आणि मीच आहोत. कबूल केलंस तर इथेच संपेल. नाहीतर गार्डांकडे जावं लागेल. तुझी राहायची मुदत कधी संपते?"

तिने चहाचा कप खाली ठेवला. तिकडे राहण्याचं कार्ड तेव्हा गार्डांकडूनच मिळायचं. तिची मुदत सप्टेंबरात संपत होती, आणि पथकाच्या प्रमुखाने स्वतःच्या कंपनीत तिची शिफारस केली होती. त्या नोकरीवरच तिचं तिथे राहणं अवलंबून होतं. हे सगळं मला आधीच माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच विचारलं.

तिने समुद्राकडे बघितलं. मग म्हणाली, "मी घेतले म्हटलं तर गार्डांना नाही ना सांगणार?"

"शब्द देतो."

"मग घेतले मी."

"कुठे आहेत?"

"टाकले. समुद्रात."

असं उत्तर मला नवीन नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला एका मजुराने मला सायकलीबद्दल हेच सांगितलं होतं, साहेब, कालव्यात टाकली. कालवा धुंडाळला, सायकल निघाली नाही. मी कागदावर 'मुद्देमाल मिळून आला नाही' असं लिहिलं आणि प्रकरण उलगडल्याची शाबासकी घेतली.

पोलिसासमोरची कबुली कोर्टात टिकत नाही. पुरावा कायद्याचं पंचविसावं कलम आहे ते. कबुलीवरून वस्तू निघाली तरच तिला किंमत. असं का, हेही मी शिकवायचो: भ्यालेला माणूस काहीही कबूल करतो. वर्गात शिकवलेलं सगळं वर्गातच ठेवून मी तिला कागद दिला आणि मजकूर सांगितला. 'मी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून देते की...' तिने नीट, सुवाच्य अक्षरात लिहिलं. शिक्षकाची मुलगी. सही करून पेन परत दिलं.

"मग आता जाऊ ना मी काका?"

"जा," मी म्हणालो. मला समाधान वाटलं होतं, हे इथे लिहिताना लाज वाटते.

मी गार्डांना कळवलं नाही, शब्द पाळला. बाकीच्यांकडून मात्र मी कसलाच शब्द घेतला नव्हता. मी दाखवलेल्या तिच्या पत्राचा फोटो प्रमुखाने पथकाच्या ग्रुपवर टाकला. स्टेडियमला लेखी कळवलं, जुने पास रद्द झाले, तिला सोडून एकोणीस नवे मिळाले. कंपनीतली शिफारस त्याने मागे घेतली. ती ज्या तीन मराठी मुलींसोबत राहायची, त्यांनी तिला खोली सोडायला सांगितली.

सामना झाला. पथक जोरात वाजलं, अमेरिकन लोकांनी उभं राहून टाळ्या दिल्या. "ग्रँड झालं काका, तुमच्यामुळे," असं प्रत्येक जण येऊन सांगत होता. पथकात मी शेवटच्या रांगेत एक रिकामी जागा पाहिली आणि नजर दुसरीकडे वळवली.

पंधरा दिवसांनी पत्नी परतली. सकाळी अंघोळ करून तिने देवांचं प्रेस उघडलं आणि आतूनच तिची हाक आली.

"अवो, हे हितंच राहिलं की! मग कशी काय गेली पोरं आत?"

तिच्या हातात पिवळं पाकीट होतं. वर हळदकुंकवाची बोटं, एक वाळलेलं फूल. कोणतीही नवी, शुभ वस्तू घरात आली की ती आधी देवापुढे ठेवते. लग्नाची पत्रिका असो, गाडीची किल्ली असो, माझ्या बढतीचा आदेशही तिने ठेवला होता. त्या रविवारी जेवणासाठी टेबल आवरताना तिने ते उचललं, देवांच्या पाटाखाली लाल कापडात ठेवलं. लेकीला सांगायचं पहाटेच्या गडबडीत राहून गेलं. कार्यक्रम छान झाला असं मी फोनवर सांगितलं, तेव्हा तिला वाटलं, पास सापडलेच असणार.

मी पाकीट उघडून पास मोजले: वीस.

पाकीट घेऊन त्या मुलींच्या घरी गेलो. ती आठ दिवसांपूर्वीच नागपूरला गेली होती. फोन लावला. पास सापडल्याचं सांगितलं, आमच्याच घरात, देवापाशी.

"बरं झालं," ती म्हणाली. "काकू कशा आहेत?"

"बाळ, तू घेतले नव्हतेस तर हो का म्हणालीस?"

"तुम्हीच म्हणाला होता ना, कबूल केलं की संपेल. मला ते संपवायचं होतं काका. पण माझ्या आई-बाबांना फोन नका करू हं. मलाच तिथे राहायचं नव्हतं, असं सांगितलंय त्यांना."

प्रमुखाला सांगितलं, तर तो म्हणाला, "झालं गेलं काका, आता कशाला उकरायचं?" शेवटी मीच ग्रुपवर लिहिलं की चूक माझी होती, मुलगी निर्दोष आहे. दोघातिघांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मग कोणीतरी सामन्याचे आणखी फोटो टाकले आणि माझा मजकूर वर सरकत दिसेनासा झाला.

तिला पुन्हा बोलावून घेता येतं का, म्हणून जावयामार्फत दोन कंपन्यांत शब्द टाकला. मुदत संपली होती. काही झालं नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतील. शिकण्यासारखं सगळं मला आधीच येत होतं, हेच तर दुःख आहे. तिचं पत्र माझ्याकडे आहे. फाडून टाकण्याचा मला हक्क नाही, आणि परत पाठवायला ती पत्ता देत नाही. ते वाचलं की मला माझ्या उलगडलेल्या सगळ्या प्रकरणांची शंका येते. कपाटातली प्रशस्तिपत्रकं मी काढून माळ्यावर टाकली.

तो सायकलीचा मजूर तर रोज आठवतो. त्याला शिक्षा झाली होती. किती महिने, ते विसरलो. त्याचं नाव विसरलो, चेहराही विसरलो. एवढंच आठवतं की अंगठा उठवून झाल्यावर त्याने माझ्याकडे बघून विचारलं होतं, "मग आता जाऊ ना मी साहेब?"