दोन हातांनी घ्यायची बंदूक

बारामतीच्या पेठेमागच्या गल्लीत बंदुकांचं एक दुकान होतं. बी. ए. झाल्यावर दीड वर्ष मी तिथं नोंदवही लिहीत होतो: परवाना कुणाचा, बंदुकीचा नंबर काय, काडतुसं किती नेली. गिऱ्हाईक बहुतेक बागाईतदार. उसात रानडुकरं शिरतात म्हणून परवाना काढलेला, निदान अर्जात तसं लिहिलेलं असे.

ही नोकरी मला दुकानाच्या मिस्त्रींनी लावून दिली. ते आमच्या लासुर्ण्याचे, आमच्याच वस्तीतले. वीस वर्षं फौजेत हत्यारं दुरुस्त करून आलेले. मी त्यांना तात्या म्हणायचो. मी घरी रिकामा बसलोय हे वडिलांकडून कळल्यावर त्यांनी मालकांकडं शब्द टाकला होता.

माझे वडील शिक्षक. सुट्टीच्या दिवशी ते सायकलवरून चळवळीची पत्रकं वाटत. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. मी त्यांवरच वाचायला शिकलो. त्यामुळं कुणी कुणापुढं मान खाली घातलेली दिसली की माझं डोकं फिरायचं. आणि तात्या दिवसातून दहा वेळा मान खाली घालायचे.

दुकानाची रीत अशी होती. गिऱ्हाइकानं पायरीवरच थांबून दुनळी बंदूक बिजागरीत मोडून उघडायची, नळी कोपऱ्यातल्या वाळूच्या पेटीकडं धरून आत यायचं, आणि देताना "रिकामी हाय" असं तोंडानं सांगायचं. घेणाऱ्यानं त्यावर विश्वास ठेवायचा नाही. दोन्ही हातांनी घ्यायची, वाकून दोन्ही नळ्यांतून पलीकडचा उजेड दिसतो का ते बघायचं, आणि मग मोठ्यानं "बघितली" म्हणायचं. बहुतेक लोक हे पाळत. पण काही मोठी माणसं पायरीवर थांबत नसत. मिटलेली बंदूक काखेत मारून सरळ आत येत. तात्या त्यांच्यावर आवाज चढवत नसत. "माफ करा आबा, माझी जुनी सवय हाय," असं म्हणत दोन्ही हात पुढं करत, बंदूक घेत, उघडत, वाकून बघत. आबा वरून विचारणार, "आमच्यावर भरवसा न्हाय व्हय, मिस्त्री?" आणि तात्या नुसते हसणार.

ते हसणं, ती माफी, ते वाकणं मला सहन होत नसे. एकदा चहा पिताना मी बोललोच. हे लोक काय दान देतात का, की आपण ओंजळ धरल्यासारखे हात पुढं करायचे? एका हातानं घ्या, ताठ उभं राहून घ्या, बघू काय करतात ते. तात्यांनी बशीतला चहा संपवला.

"आरं, मी माणसाला न्हाय वाकत. नळीला वाकतो. नळीला तुझं-माझं कळत न्हाय."

मला वाटलं, वाकायची सवय झालेला माणूस असलंच काहीतरी कारण शोधतो. घरी जाऊन मी ते वहीत लिहूनही ठेवलं.

पुढं निवडणूक लागली. मतदानाआधी परवानेवाल्यांना बंदुका जमा कराव्या लागत, ठाण्यात नाहीतर आमच्यासारख्या दुकानात. आठवडाभर रीघ होती. त्या दुपारी मालक जमा बंदुकांची यादी घेऊन ठाण्यात गेले होते, तात्या मागच्या खोलीत कपाटं लावत होते. दारात जीप थांबली आणि इंदापूर बाजूचा एक बागाईतदार आत आला. पायरीवर थांबला नाही. मिटलेली बंदूक त्यानं काउंटरवरून माझ्यापुढं केली.

"घे रं. रिकामी हाय. आवर लवकर, कारखान्यावर मीटिंग हाय."

ते "घे रं" ऐकून मी उभा राहिलो. एका हातानं बंदूक घेतली. सगळा वेळ त्याच्या डोळ्यांत बघत होतो. शेवटी त्यानंच नजर वळवली आणि मला फार बरं वाटलं. नळीत बघायचं राहून गेलं. राहून गेलं असं मी इतकी वर्षं म्हणत आलोय, पण ते खोटं आहे. मला त्याच्यासमोर मान खाली घालायचीच नव्हती.

बंदूक काउंटरवर आडवी ठेवली आणि नंबराची चिठ्ठी बांधायला चापाभोवतीच्या कडीतून दोरा ओवला. नळी बाकाच्या दिशेनं होती, आणि बाकावर तो बागाईतदार बसला होता. तेवढ्यात तात्या आतून आले. मिटलेली बंदूक, नळीसमोर माणूस, माझ्या हातात दोरा, हे त्यांना एका नजरेत दिसलं असणार. ते काउंटरवर ओणवले आणि तळहातानं नळी वर ढकलली. त्याच क्षणी मी गाठ आवळली आणि दोऱ्यानं चाप ओढला गेला.

आवाज मला आठवत नाही. छताचा चुना आठवतो, नोंदवहीवर पडलेला, तात्यांच्या केसांत पडलेला. नळीचं तोंड त्यांच्या डाव्या कानापासून वीतभर होतं. कानातून रक्ताची बारीक रेघ गळ्यापर्यंत आली होती. तशातही त्यांनी आधी काउंटरवरची बंदूक घेतली, उघडली, दुसरी नळी बघितली. "बघितली," म्हणाले.

बागाईतदार भिंतीला टेकून उभा होता. पहाटे डुकरावर एक बार काढला होता, दुसरं काडतूस आत राहिलंय हे त्याच्या ध्यानातच नव्हतं.

मालक धावत आले, त्यांच्या मागून हवालदार. बंदूक कुणी घेतली, असं मालकांनी विचारलं. मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं.

"मी घेतली," तात्या म्हणाले. "बघायची राहिली."

ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की गल्लीत ऐकू गेलं. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. बागाईतदारानं माझ्याकडं बघितलं, मग फरशीकडं. मी तोंड मिटलं. जबाब तसाच लिहिला गेला.

नंतर दवाखान्यात पट्टी बांधून झाल्यावर तात्यांनी मला समजावलं. त्यांना पेन्शन होती. माझं नाव पोलिसांच्या कागदात गेलं असतं तर सरकारी नोकरी विसरावी लागली असती. मी मान हलवली. मनावरचं ओझं उतरल्यासारखी हलवली, हेही इथं लिहिलं पाहिजे.

पंधरा दिवसांत मालकांनी त्यांना घरी बसवलं. मालक वाईट नव्हते. दुकानाचा परवाना जाता जाता राहिला होता, आणि ज्या माणसानं रीत घालून दिली त्यानंच ती मोडली, असं त्यांना वाटत होतं.

मी बाणेदारपणे नोकरी सोडली आणि पत्रक लिहिलं. बागाईतदारांचा माज, मालकांची कृतघ्नता, जखमी कामगाराला रस्त्यावर काढण्याचा निर्लज्जपणा, सगळं त्यात होतं. वडिलांनी ते छापून आणलं, माझी पाठ थोपटली. लासुर्ण्यात आणि बारामतीच्या स्टँडवर मी स्वतःच्या हातानं वाटलं. त्यातली वाक्यं मला अजून पाठ आहेत. ती चांगली वाक्यं आहेत, याचीच जास्त लाज वाटते.

आठवड्यानं तात्यांकडं गेलो तेव्हा ते ओट्यावर बसून पत्रकच वाचत होते. चष्मा काढून त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

"चांगलं लिहितोस. पर बंदूक कुणी घेतली ते ह्यात न्हाय."

ते रागावले असते तर मी वाद घातला असता. एखादा स्क्रू बसवायचा राहिलाय, अशा आवाजात ते बोलले.

दुसऱ्या दिवशी मी मालकांसमोर उभा राहून सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, मिस्त्रींना घेऊन ये.

तात्या इस्त्रीचा सदरा घालून आले. मालकांनी उठून त्यांचे हात धरले, उद्यापासून या म्हणाले. तात्या आपल्या जागी बसले. दुरुस्तीला आलेली एक बंदूक घेतली, उघडून बघितली, मिटली, आणि उजव्या कानाजवळ नेऊन चाप ओढला. पुन्हा ओढला. चार-पाच वेळा. आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, किती झिजलीय हे ते त्या आवाजावरून ओळखत असत. डाव्या कानानं आता ऐकू येत नव्हतं, त्यात नुसती सतत शिट्टी वाजत होती आणि त्या शिट्टीत उजव्यालाही तो बारीक आवाज सापडेना.

"मालक, दुसरा माणूस बघा," ते म्हणाले. "माझ्या हातनं चूक झाली तर गिऱ्हाइकाच्या जिवावर बेतंल."

स्टँडपर्यंत मी त्यांच्याबरोबर चालत गेलो. वाटेत मी बोलत होतो. नळीत मुद्दाम बघितलं नाही, हे सांगितलं. त्यांच्या वाकण्याबद्दल वहीत काय लिहिलं होतं तेही सांगितलं. माफी मागितली. ते समोर बघत चालत होते, काही बोलत नव्हते. स्टँडच्या फाटकात सायकलवाल्यानं मागून घंटी वाजवली, मी बाजूला झालो, ते झाले नाहीत. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी सगळा वेळ त्यांच्या डाव्या बाजूनं चालत होतो.

मला पलीकडं, त्यांच्या उजव्या कानाच्या बाजूला जाता आलं असतं. लासुर्ण्यावरून जाणारी इंदापूर गाडी लागलेली होती. तात्या चढले, खिडकीजवळ बसले, हात केला. मीही केला. ते बोलणं मी त्यांना पुन्हा ऐकवलेलं नाही.