वरच्या काकांची तार

गेल्या रविवारी सकाळी साडेनऊ वाजता, जुळे सोलापुरातल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, वरच्या मजल्यावरच्या काकांवर अन्याय झाला. कपडे वाळत घालायच्या सगळ्या तारा सेक्रेटरींनी पक्कड लावून तोडल्या. शोभा जाते म्हणे! वर काकांनाच विचारतात, "ही बिल्डिंग आहे का धोबीघाट?" काका एवढंच म्हणाले, "धोबीघाट असता तर तारा राहिल्या असत्या की." मी छातीठोकपणे सांगते, धुण्याच्या तारेवर एवढा जीव लावणारा माणूस माळशिरसपासून अक्कलकोटपर्यंत शोधलात तरी दुसरा सापडायचा नाही.

मुळात ताणलेली कुठलीही वस्तू दिसली की काकांना बोट आवरत नाही. मिठाईच्या डब्याचं रबर त्यांच्या घरात कधी डब्यावर नसतं, वाटीवर ताणलेलं असतं. बँकेत गेले की कॅशियरची पट्टी काउंटरच्या कडेवर दाबून धरणार, टुंग करणार, मग जरा आत सरकवून टिंग करणार आणि मागच्या रांगेला विचारणार, "बाहेर कमी राहिली, आवाज चढला. कळलं का?" रांगेला काही कळून घ्यायचं नसतं, तिला पुढं सरकायचं असतं. पुतण्याच्या लग्नात मांडवाची दोरी वाजवून बघताना गाठच सुटली आणि मांडवाचा एक कोपरा नवऱ्यामुलाच्या मामांवर अलगद येऊन बसला. मामा आत धडपडत होते आणि काका बाहेरून सांगत होते, "सैलच होती. म्हणून तर बोलत नव्हती!"

त्यांची माझी ओळख तारेवरच झाली. मोर्चासाठी रंगवलेला 'पाणी द्या'चा कापडी फलक वाळत घालायला मी वर गेले, तर म्हणाले, "थांबा ताई, आधी तार ऐका, मग घोषणा लटकवा." भिंतीतल्या हुकापासून हातभर अंतरावर त्यांनी तारेखाली बेचक्याची काठी उभी केली आणि तेवढाच तुकडा छेडला. घुम्म. काठी सरकवत वीतभरावर आणली. आवाज एकदम वर, बारीक. "आखूड केली की लगबगीनं हालती, आवाज बारीक येतो. लांब सोडली की सावकाश, मग आवाज जाड." मग काठी काढून अख्खी तार छेडली. तारेवरचा चिमटा मजेत डुलला, आवाज मात्र नाहीच. मी म्हटलं, "हिचा सूर कुठाय?" "इतकी सावकाश हालती की कानाला गावत न्हाई," म्हणाले आणि उगाच भिंतीकडं बघत राहिले.

ती भिंत खाली थेट त्यांच्या स्वयंपाकघरात उतरते. गुडघे गेल्यापासून काकूंना गच्चीचा जिना बंद झाला. त्याआधी दोघं मिळून वर यायचे, ओल्या साडीची दोन टोकं धरून झटकायचे. मग काका एकटेच यायला लागले आणि तारेवरून खाली बोलायला लागले. हातभर म्हणजे कपडे झाले, येतोय. वीतभर म्हणजे चहा टाक. काकू झाडूच्या दांड्यानं छताला एकदा ठोकायच्या, म्हणजे बरं. दणादण ठोकलं की "साकु!" म्हणजे कानडीत, पुरे! पाण्याच्या दिवशी अख्ख्या बिल्डिंगची धुणी वर यायची, तेव्हा काका अजिजीनं म्हणत फिरायचे, "वहिनी, चादर जरा पलीकडं सरकवा की, मला खाली बोलायचंय." फोन दोघांकडंही आहे. मी विचारलंच. म्हणाले, "फोनवर भांडण होतंय, ताई. तारेवर होत न्हाई."

तारा गेल्या, स्टीलचे चकचकीत स्टँड आले. काकांनी तेही वाजवून बघितले. "कुटं बी वाजवा, भांडं पडल्यागत." मी निषेधाचं पत्रक घेऊन त्यांच्या घरी गेले, तेव्हा काका गच्चीवर होते. काकू ओट्यापाशी खुर्चीत बसल्या होत्या, एक तळहात भिंतीला लावून. समोर दोन कप, गार झालेले. "कवा टाकायचा तेच कळंना बघ आता," म्हणाल्या.

"आणि हात कशाला लावलाय, काकू?"

"सवय. अख्खी तार छेडली की ऐकू येत न्हाई. हाताला कळती."

"तिचा अर्थ काय?"

"अर्थ कसला गं? चहा न्हाई, काय न्हाई. नुसतं, मी हितं हाय." हात त्यांनी काढला नाही.

काकांनी पत्रकावर सही केली नाही. "जाऊ द्या की, ताई. कशाला भांडायचं?" म्हणाले. म्हणून हे मी लिहितेय. हुक अजून भिंतीत आहे. तार मी आणलीय, पक्कडही आणलीय. पण तार एकट्यानं ताणता येत नाही, दुसऱ्या टोकाला माणूस लागतो. हे वाचून नुसते हळहळू नका. येत्या रविवारी, साडेनऊ वाजता, गच्चीवर या आणि दुसरं टोक धरा.