तपासणीची गाडी, सूर्यमाळची वाट आणि माझं तोंड

घाटात गाडी चालवावी तर मीच, असा दुसरा ड्रायव्हर अख्ख्या सिन्नर तालुक्यात सापडायचा नाही. तोरंगणच्या घाटात पहिल्याच सकाळी मी गाडीचं मागचं चाक गटारात घातलं आणि ते बाहेर काढायला एका म्हाताऱ्याची बैलजोडी लागली.

गाडी वर आल्यावर म्हाताऱ्यानं बॉनेटवरचं चित्र पाहिलं. परातीएवढी लाल रिबीन. लगेच बैल सोडले, चहाला थांबा म्हटलं तरी थांबला नाही. मला वाटलं, कामाची घाई असेल. माझं डोकं असंच चालतं, उताराला न्यूट्रल टाकल्यासारखं.

गाडी एचआयव्हीच्या तपासणीची, लाल रिबीन ही त्याचीच खूण. नेहमीचा ड्रायव्हर पाय मोडून घरी बसला, म्हणून मला बोलावलं. गाडीत मी आणि सुमनताई, दोघंच. ताई लोकांना समजावून सांगतात, बोटाला टोचून रक्त तपासतात, ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांच्या मागावर राहतात. मी फक्त चालवायचं. निघतानाच ताईंनी बजावलं होतं, की आपण कुणाकडे चाललोय, कशाला चाललोय, हे कुठंही बोलायचं नाही. मी म्हटलं, ताई, माझ्या पोटात गोष्ट गेली की विहिरीत धोंडा पडला म्हणून समजा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच गिअर बदलला.

जव्हारला पोचलो तर ताई गोळ्या घ्यायला दवाखान्यात गेल्या आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. आमच्या लहानपणी या रोगाचा माणूस म्हणजे गोठ्यात टाकलेला, ताट वेगळं, तांब्या वेगळा, हाडांचा सापळा. मी तसले सापळे शोधत होतो. रांगेत एक जण मोबाईलवर क्रिकेट बघत होता, एक बाई वडापाव खात होती, एक दणकट गडी मोटरसायकलची किल्ली फिरवत उभा होता. ताई आल्यावर हळूच विचारलं, यातले आजारी कोण हो?

"तू सोडून सगळे बरे दिसतायत," ताई म्हणाल्या.

मग गाडीत त्यांनी सांगितलं, की आता रोजची एक गोळी वेळेवर घेतली तर माणूस शेती करतो, संसार करतो, म्हातारा होतो. गरोदर बाईनं घेतली तर पोराला लागण व्हायची भीती जवळपास उरत नाही. जन्मल्यावर पोरालाही काही दिवस औषध पाजतात. आणि हे सगळं सरकारकडून फुकट. मी म्हटलं, मग अडलंय कुठं? दुसऱ्या दिवशी मला उत्तर कळलं, आणि ते मला आरशातच दिसलं.

शिरपामाळला गाडी लावली, कारण मला फोटो काढायचा होता. शिवाजी महाराज इथं थांबले होते म्हणतात. झेंडा, चौथरा, खाली सगळं रान, वाऱ्यानं टोपी उडेल अशी जागा. ठाण्याकडची काही मंडळी फोटो काढत होती. त्यातला एक गृहस्थ माझ्याकडे आला आणि गाडी जरा फोटोतून बाहेर घ्या म्हणाला. त्याच्या बायकोनं तोवर पोरं दुसऱ्या बाजूला ओढून नेली. मला राग आला. म्हटलं, साहेब, शिकलेली माणसं तुम्ही, गाडीला हात लावून काही होत नसतं. ते गेल्यावर मी ताईंना विचारलं, होत नाही ना?

ताईंनी कपाळाला हात लावला. त्या फेरीत तो हात तिथून फारसा हललाच नाही.

तिथून वावर गावाच्या पुढं वांगणी. रस्ता असा की तो आहे हे मला ताईंच्या सांगण्यावरून मानावं लागलं. गाडीवर भोंगा लावून मी गावभर ओरडलो. शिबिराला आले चार म्हातारे, दोन म्हाताऱ्या आणि एक बोकड. तरणी माणसं सगळी गेलेली. भात कापून झालं, दिवाळी झाली, की इकडची घरं कुलूपबंद होतात. कुणी वसईकडे वीटभट्टीवर, कुणी ठाण्याला बांधकामावर. ज्यांना तपासायचं ते सगळे तिकडे आणि आम्ही इकडे बोकडाला पत्रकं वाटतोय. त्यानं खाल्लीसुद्धा.

ताई चिडल्या होत्या. त्यांचं म्हणणं, शिबिराची तारीख ठरवणाऱ्यानं भात कधी कापतात एवढं कुणाला तरी विचारावं. तपासणी आली, औषध आलं, आणि माणूस ट्रकात बसून गेला, असं दरवर्षी होतं. एका म्हातारीनं आम्हाला नागलीची (नाचणीची) भाकर आणि खुरासणीची (कारळ्याची) चटणी दिली. चटणी इतकी जहाल की मी गाडीच्या रेडिएटरचं पाणी प्यायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोखाड्याहून निघालो. ताई सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. मी इतकं टोचून टोचून विचारलं की शेवटी वैतागून त्यांनी सांगितलं. सूर्यमाळच्या खाली एक पाडा (डोंगरातली छोटी वस्ती) आहे. तिथल्या एका बाईला सातवा महिना आहे. तिच्या गोळ्या संपत आल्यात. दुपारी भट्टीचा ट्रक फाट्यावर येणार आणि तिला नवऱ्याबरोबर घेऊन जाणार. त्याआधी गोळ्या तिच्या हातात पडायला हव्यात. तिकडच्या दवाखान्यात ताईंनी बोलून ठेवलंय, पण मधल्या दिवसांत खंड पडला तर सगळ्या वर्षाची मेहनत पाण्यात, आणि पोटातल्या लेकराला धोका. पाड्यात कुणाला कळता कामा नये. नाव ताईंनी सांगितलं नाही. पाड्याचं नाव मला नंतर कळलं, ते मी इथं लिहीत नाही. तेवढी अक्कल आता आलीय.

तेव्हा आली नव्हती. खोडाळ्याला चहाला थांबलो. ताई फोनला रेंज शोधत पुढं गेल्या. मला वाटलं, वेळ कमी आहे, आपण वाट विचारून ठेवावी. टपरीवर चार लोक बसले होते. मी मोठ्यानं विचारलं, की सूर्यमाळच्या खाली भट्टीला जाणारी माणसं कुठल्या पाड्यावर आहेत, आम्हाला तिथं एका पोटुशी बाईला भेटायचंय. मागं परातीएवढी लाल रिबीन उभी.

एकानं अर्धा चहा तसाच ठेवला, मोटरसायकलला किक मारली आणि सूर्यमाळच्या दिशेनं गेला. मी ताईंना सांगितलं, बघा, कसे लोक आहेत, वाटसुद्धा सांगत नाहीत.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग बॉनेटवरच्या रिबिनीकडे बोट दाखवलं. मी बॉनेटवर पोतं बांधलं. पोतं बांधल्यावर गाडी जास्तच संशयास्पद दिसायला लागली.

पाड्यावर पोचलो तर दारं लावलेली. कोंबड्या तेवढ्या बाहेर. सगळ्यांना कळलं होतं, की एड्सची गाडी आली, कुणातरी पोटुशीला न्यायला आली. ताईंनी हळूच सांगितलं, पाड्यात तीन बाया गरोदर आहेत. म्हणजे माझ्या एका चहानं तिघींच्या कपाळी ते चिकटलं होतं. ज्या दारात आम्ही थांबू, ते घर गेलं.

ताईंनी डोकं शांत ठेवलं. अंगणवाडीची खोली उघडायला लावली आणि हाक दिली, की सगळ्यांचीच तपासणी आहे, बाया, बापे, म्हातारे, ज्याला करायची त्यानं यावं, साखर आणि रक्ताचा दाबही बघू. एकेकानं आत यायचं, एकेकाला गोळ्यांची पिशवी मिळेल, रक्तवाढीच्या, कशाच्या ना कशाच्या. म्हणजे तिलाही सगळ्यांसारखं आत येऊन सगळ्यांसारखी पिशवी घेऊन जाता येईल. डोकं चांगलं होतं. पण येतंय कोण?

अखेर सोमाबाबा आले. पाड्याचे कारभारी, म्हातारा ताठ, खांद्यावर टॉवेल. गाडीभोवती एक फेरी मारली, पोतं उचलून रिबीन पाहिली, परत झाकली.

"आमच्याकडं ताडी उतरवली तर उतरवणारा आदी घोट घेतो," ते म्हणाले. "मंग बाकीचं पितात. तू आणलंस ना हे? तर आदी तुझं रगत काढ. सगळ्यांदेखत."

मी ताईंकडे पाहिलं. ताई म्हणाल्या, बरोबर बोलतायत.

माझी कधी तपासणी झालेलीच नव्हती. तिघंचौघं दारं किलकिली करून बघायला लागले. मी बाही वर केली, छाती पुढं काढली, म्हटलं टोचा. ताई म्हणाल्या, बाही कशाला, बोट दे. टोचलं, आणि मी खाली बसलो. बसलो म्हणजे पडलो. जरा वेळानं डोळे उघडले तर अख्खा पाडा माझ्याभोवती उभा आणि एक बाई पदरात तोंड घालून हसतेय. दारं सगळी उघडी. जे भोंग्यानं जमलं नसतं ते माझ्या पडण्यानं जमलं.

निकालाला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात मला घाम फुटला. एकाच पात्यानं साऱ्या ट्रकवाल्यांची दाढी करणारा न्हावी आठवला, धाब्यावरचे उष्टे गिलास आठवले, मच्छर आठवले. एकानं विचारलं, मच्छर चावल्यानं होतं काय? मी गंभीर चेहऱ्यानं म्हटलं, होऊ शकतं, सांभाळून राहा. त्यावर ती हसणारी बाई गाडीच्या मागं बोट दाखवून म्हणाली, "तुझ्याच गाडीवर लिवलंय, नाय होत म्हणून."

खरंच लिहिलं होतं. मच्छरानं नाही, उष्ट्यानं नाही, शेजारी बसल्यानं नाही. ड्रायव्हरला आपल्या गाडीची मागची बाजू दिसत नाही, हे माझं उत्तर. ते कुणाला पटलं नाही.

ताईंनी आत बोलावलं, दार लावलं आणि निकाल सांगितला. मी उडी मारून बाहेर ओरडायला निघालो. ताईंनी सदऱ्याला धरून मागं ओढलं.

"ओरडायचं नाही. तू आज ओरडलास, तर तुझ्यामागचा जो गप्प राहील, त्याच्याबद्दल गाव काय ते ठरवून टाकेल."

मी थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा बोलायला काहीतरी होतं आणि बोलायचं नव्हतं. बाहेर येऊन पारावर बसलो. सगळे बघतायत. सोमाबाबांनी विचारलं, काय निघालं? मी म्हटलं, जे निघालं ते माझं आहे. सोमाबाबा टॉवेल झटकून स्वतः आत गेले. बाहेर आले, माझ्याशेजारी बसले आणि तेही काही बोलले नाहीत. त्यांच्यामागं त्यांची म्हातारी. मग दोन गडी. जो येईल तो पिशवी घेऊन पारावर बसे, आणि कुणी कुणाला विचारेना. तिघी पोटुशी बाया आल्या, गेल्या. त्यांतली ती कुठली, मला कळलं नाही, आणि देवाशप्पथ, मी बघायचंसुद्धा टाळलं.

खाली फाट्यावर ट्रकाचा हॉर्न वाजला. मुकादम घाई करत होता. डोक्यावर बोचकी, काखेत पोरं, हातात कोंबडी, असे सगळे उतरायला लागले. ताईंनी त्या तिघींना गाडीत घेतलं, ओझं घेऊन चालत उतरायला लागू नये म्हणून. एकीची सासू, काळूआई, पुढं माझ्याशेजारी येऊन बसली. ती इथंच राहणार होती, घर आणि शेळ्या बघायला. मी इतक्या हळू चालवली की पायी चालणारे पुढं गेले आणि मुकादम लांबूनच शिव्या देत होता. ट्रक भरला, धूळ उडवत गेला. ताईंनी खूण करून मला सांगितलं, पोचलं. एवढंच.

खोडाळ्याचा बाजार होता, काळूआईला मीठ घ्यायचं होतं, म्हणून ती परतीलाही आमच्याबरोबर बसली. वाटेत मला काय काय सुचत होतं. दिल्लीपासून मोखाड्यापर्यंत गोळी येते, तपासणी येते, पोर निरोगी जन्मायची सोय येते, आणि शेवटच्या चढावर एखादा माझ्यासारखा चहा पीत उभा असतो. राग कुणाचा करावा? रस्त्याचा केला, तारीख ठरवणाऱ्याचा केला, टपरीवरच्यांचा केला, आणि फिरून गाडी माझ्याच दारात आली. पण माझा स्वभाव. चढ संपला तसा मी पुन्हा फुगलो. म्हटलं, काही म्हणा आजी, आज मी बोट पुढं केलं म्हणून सगळा पाडा आला. नाहीतर जमलं नसतं.

काळूआईनं पिशवीतली तंबाखू काढली, चुना लावला, नीट मळली. मागं ताईंशिवाय कुणी नाही हे बघून घेतलं.

"सुनंला जव्हारला पयल्यांदा मीच नेली. तिच्या गोळ्या माझ्या नागलीच्या कणगीत असतात, भाकर खाल्ली का मीच हातावर ठेवते. इतके दिस पाड्यात कुणाला वास नाय लागला. तू एक चहा प्यालास आणि दारं लागली."

मी काही बोलणार होतो.

"आज तू पारावर गप बसलास, तेवढंच तुझं काम झालं," ती म्हणाली. "आता बी गप बस आणि पुढं बघ, गटार हाय."