नागकेशराच्या झाडाखाली शारदाक्का

शारदाक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या बेंगळुरूच्या आमच्या प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली कागदाची एक पट्टी न्याहाळत होत्या. निपाणीहून नोकरीसाठी आलेला मी दारातच थबकलो. फुलांचा अर्क कागदावर चढून निळ्या-पिवळ्या रेघांत उजळला होता.

"स्वल्प थांबा," वळून न बघता त्या म्हणाल्या. "फूल आपलं रान सांगतंय."

औषधी फुलं अस्सल आहेत का, कुठल्या रानातली आहेत, हे तपासणं आमचं काम. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेल्या मराठी घरातल्या अक्का त्या विभागाच्या प्रमुख होत्या.

वर्षभरानं, तीर्थहळ्ळीकडच्या रानातून वैद्यांना फुलं पुरवणाऱ्या बसप्पांचं नागकेशर मी नकली ठरवलं. तुलनेसाठी ठेवलेल्या आमच्या नमुन्याशी त्याच्या रेघा जुळत नव्हत्या. अहवालावर अक्कांनी सही केली. आठवड्यानं म्हातारे बसप्पा ओल्या फडक्यात फांदी गुंडाळून हजर झाले. "अक्का, वैद्य आता मला दारात उभं करत नाहीत," ते कन्नडमध्ये म्हणाले. "झाड तरी बघायला या."

अक्का गेल्या, मलाही नेलं. रानात पहाटेच्या धुक्यात ते झाड उभं होतं. खाली पांढऱ्या पाकळ्या, पिवळे केसर, आणि असा सुगंध की आपण जागे आहोत की नाही, कळेना. अक्कांनी चपला काढल्या आणि कितीतरी वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग आपल्या हातांनी फुलं वेचली.

परतल्यावर ती फुलं तपासली; त्यांच्या रेघा बसप्पांच्या मालाशी तंतोतंत जुळल्या. बसप्पांचं नागकेशर अस्सल होतं. बाजारातून आणलेला आमचा नमुनाच सुरंगीच्या कळ्यांचा निघाला. म्हणजे त्या नमुन्यावर बेतलेले आधीचे सगळेच अहवाल चुकीचे!

"जुनं कशाला उकरता?" प्रयोगशाळेचे मोठे साहेब अक्कांना म्हणाले. "तुमच्या बढतीवर पाणी सोडावं लागेल."

"सर, त्या माणसांना आपण लबाड ठरवलंय," अक्का शांतपणे म्हणाल्या.

त्यांनी प्रत्येकाला स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. 'चूक माझी,' असं स्वतःच्या नावानं. माझं नाव कुठंच नव्हतं. बढती गेली. सगळं स्वतःवर का घेतलं, असं मी रडवेला होऊन विचारलं, तर म्हणाल्या, "सरी, असू दे, सोडा. नमुना पारखून घेणं माझं काम होतं."

आज अक्कांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. आता सह्याद्रीतली रानं पायी फिरून प्रत्येक औषधी फुलाचा खात्रीचा नमुना जमवायचा, असं त्यांच्या मनात आहे. त्यासाठी त्यांचे गुडघे बळकट राहोत, नजर निवळ राहो आणि सगळी रानं पाहून होतील इतकी वर्षं त्यांना लाभोत. पिशवी धरायला मी आहेच.