पोल्ट्रीला लागून शाळा

माणूस वास मोजायच्या नोकरीत शिरला की पगार वाढो न वाढो, किस्से वाढतात. ऐंशीच्या आसपास मी कोल्हापुरात एका लॅबमध्ये होतो. गोठ्यांजवळची, पोल्ट्रीजवळची हवा हातपंपानं बाटलीतल्या ॲसिडमधून ओढायची, मग त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं पडलं की अमोनिया!

लग्नाच्या बैठकीत हे सांगितलं, तर मुलीचे मामा म्हणाले, "पावणं, त्याचा पगार देत्यात व्हय?"

तरी लग्न जमलं.

*

लॅबचे प्रमुख देसाईसाहेब. त्यांचा बाटलीइतकाच नाकावर विश्वास. सर्व्हेच्या दिवशी कच्चा कांदा बंद, तंबाखू बंद! जीपचे ड्रायव्हर बाबालालचाचा वैतागायचे. "साहेब, जीप मी नाकानं चालवतोय काय?"

शिवाय थोड्या थोड्या वेळानं लांब उसाच्या रानात जाऊन उभं राहायचं. साहेब म्हणायचे, "नाकाला घाणीची सवय लागते. मग घाण आहे हेच कळत नाही."

मी मुळात घाबरट. घरी आलो की आधी चहा हुंगून बघायचो, नाक शाबूत आहे ना!

*

मुरगूडजवळच्या एका गावातून तक्रार आली. शाळेच्या भिंतीला लागूनच पोल्ट्री. नुकत्याच बदलून आलेल्या शिंदेबाईंनी लिहिलं होतं, मुलं दिवसभर खोकतात, डोळे चोळतात, पोल्ट्री हलवा.

आम्ही कळवून गेलो, तिथंच चुकलं. मालक अण्णांनी शेड धुऊन काढलेली, फिनेल मारलेलं, वर ऊद जाळलेला!

"पावणं येणार म्हटल्यावर घाण ठेवायची व्हय?"

बाटली पाण्यासारखी नितळ. बाई एवढंच म्हणाल्या, "उद्या परत खोकतील, साहेब."

*

दुसऱ्यांदा न कळवता गेलो, तर वारंच फिरलेलं! पंप मारून मारून हात दुखले, बाटली जेमतेम पिवळट. शाळेमागची एक म्हातारी मात्र हात जोडून उभी.

"लेकरांनो, तुमच्या यंत्रानं समदा वास वढून घेतला बघा! हितंच ठिवून जावा की!"

आम्ही हसलो खरे, पण बाईंकडं बघायचा मला धीर झाला नाही.

*

साहेब म्हणाले, "ही शेवटची खेप. वरच्या ऑफिसात बाटली कुणी बघत नाही. मुलं काय सांगतात, त्यावरच ठरणार."

या खेपेला वारं नेमकं शाळेवर. उतरताच बाबालालचाचांनी रुमाल नाकाला लावला. माझे डोळे चुरचुरायला लागले. बाटली हळदीसारखी पिवळी! म्हटलं, सुटलो एकदाचे.

साहेब वर्गात गेले. "मुलांनो, वास येतो का रे?"

मुलं खोकत होती आणि एकमेकांकडं बघत होती.

"भिऊ नका," बाई काकुळतीला आल्या. "खरं काय ते सांगा."

पुढं बसलेली एक मुलगी उभी राहिली. तिनं डोळे चोळले, दोन-तीनदा नाकानं हवा ओढून बघितली, आणि विचारलं,

"कसला वास, सर?"